हिरवळीची हजामत

गणेशचतुर्थीला बारा दिवस उरले असताना येलदरीच्या आमच्या घरापुढील हिरवळीची मी जी हजामत करविली, तिचा दोष गवत कापणाऱ्या मुलावर टाकण्याची सोय मला उरलेली नाही. कारण यंत्राचे पाते अगदी तळाशी उतरविण्याचा हुकूम माझाच होता, आणि तो देताना पुन्हा पंधरवडाभर या भानगडीकडे पाहावे लागू नये, याहून अधिक दूरदर्शी अशी कोणतीही मसलत माझ्यापाशी नव्हती. यंत्र तासाभरात अंगणभर फिरले, मुलगा आपली मजुरी घेऊन गेला, आणि मी ओट्यावर उभा राहून पाहतो तो, काल जिथे पाऊल बुडत होते तिथे पिंगट खुंटांचे एक केविलवाणे मैदान पसरलेले. आणि त्या खुंटांच्या दरम्यान, विशेषतः कडुनिंबाखाली व घराच्या उत्तरेकडील भिंतीलगत, कोणी मखमलीचे तुकडे अंथरून ठेवावेत तसे दाट हिरवे शेवाळ चमकत होते. जे हिरवे म्हणून मी जोपासले ते पिवळे पडले होते आणि ज्याची मला गंधवार्ताही नव्हती ते हिरवे दिसत होते.

कुंपणापलीकडे ज्यांचे हळदीचे रान आहे, त्या वृद्ध शेतकऱ्यांना मी वयाच्या मानाने मामा म्हणतो. त्यांनी तारेवर हात टेकून हे सारे दृश्य शांतपणे न्याहाळले, आणि माझा उतरलेला चेहरा पाहून म्हणाले, ‘‘साहेब, तुमी हरळी मेली म्हणून रडायलात, अन् आमी ती मरंना म्हणून रडायलोत.’’

या एका वाक्यात हिरवळीच्या शास्त्राचा निम्मा भाग येऊन जातो, हे मला पुढे दोन महिन्यांनी कळले. आपल्याकडील बहुतेक हिरवळी ज्या तृणाच्या असतात ते तृण म्हणजे हरळी. देवघरात तिला दूर्वा म्हणतात, वनस्पतिशास्त्राच्या दप्तरी तिची नोंद ‘सायनोडॉन डॅक्टिलॉन’ अशी आहे, आणि क्रिकेटच्या मैदानांची निगा राखणारे लोक तिच्याच जातकुळीला बर्म्युडा ग्रास म्हणून ओळखतात. मराठवाड्याच्या काळ्या रानात मात्र हरळी, कुंदा आणि लव्हाळा ही तीन नावे एका दमात आणि शिवीच्या सुरात घेतली जातात. ज्या शेतात हरळी माजली ते शेत उन्हाळ्यात खोल नांगरून, तिच्या मुळ्या वेचून, त्या वैशाखाच्या उन्हात करपवून घेतल्यावाचून गत्यंतर नसते, आणि एवढा खटाटोप करूनही मृगाच्या पहिल्या सरीनंतर बांधाच्या कडेने तिची सुतासारखी टोके पुन्हा डोकावतातच. याचे कारण असे की हरळीचे खरे वास्तव्य जमिनीवर नसून जमिनीखाली आहे. तिचे काही देठ भुईवरून सरपटत पेरापेराला मूळ धरतात. काही पांढरे, टणक खोड बनून वीतभर, आणि मोकळ्या जमिनीत त्याहूनही खोल उतरतात, आणि पानांनी उन्हात कमावलेला पिष्टाचा साठा याच भूमिगत खजिन्यात जमा होत असतो. वरचे गवत कापले, जाळले अथवा गुरांनी खरडून खाल्ले, तरी खजिना शाबूत असेतोवर हरळीची गादी चालू राहते.

मग माझी हिरवळ एका कापणीने अशी हतबल का झाली? खजिना शाबूत असणे निराळे आणि तो भरलेला असणे निराळे. गवताचे पान हे त्याचे उत्पन्नाचे साधन आहे. एका वेळी एकूण उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक कापू नये, असा जो जगभरच्या माळ्यांचा शिरस्ता आहे, त्याचे मर्म एवढेच की उरलेल्या दोन हिश्शांत गवताचा चरितार्थ चालावा. हिरवळ चार सेंटिमीटरांवर राखावयाची असेल तर ती सहा सेंटिमीटर होताच यंत्र बाहेर काढावे, दहा सेंटिमीटर होण्याची वाट पाहू नये, असा हा सरळ हिशेब आहे. मी पावसाच्या झडीत तीन आठवडे स्वस्थ बसलो. तेवढ्या अवधीत गवत उंच झाले, आणि उंच गवताची पाने वरच्या टोकांशी एकवटून खालचे देठ सावलीत फिकट व उघडे पडत गेले. मग एके दिवशी मी वरचा सारा हिरवा भाग उतरविला आणि खाली उरले ते ज्यांनी कधी उन्ह पाहिले नव्हते असे नुसते देठ. अशा वेळी गवत नवी पाने काढण्यासाठी साठ्यातील पुंजी खर्ची घालते, मुळांची वाढ थांबते, आणि ही पुंजी आधीच तुटपुंजी असेल, म्हणजे जागा सावलीची, जमीन दडपलेली अथवा पाणथळ असेल, तर त्या ठिकाणी गवत मागे हटते. यंत्र बिचारे यात निमित्तमात्र असते. इंग्लंडातील स्ट्राउड गावच्या एडविन बडिंगने १८३० साली हे यंत्र प्रथम सिद्ध केले तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर कापडगिरणीतील एक यंत्र होते, लोकरी कापडावरचे तंतू एकसारखे छाटून ते गुळगुळीत करणारे; आणि मला वाटते की हिरवळीकडे कापडाप्रमाणे पाहण्याची जी खोड आपल्याला लागली आहे तिचा उगमही तिथेच असावा. आपल्या जुन्या अंगणांना ही खोड नव्हती. तिथे सडा-सारवण होते, तुळशीवृंदावन होते, गवत उगवले तर खुरप्याने काढून टाकीत. हिरवळ ही साहेबाच्या बंगल्याबरोबर आलेली आणि पुढे सरकारी विश्रामगृहांच्या व वसाहतींच्या आवारांतून सर्वत्र पसरलेली चीज आहे.

येलदरीला ती आली ती बहुधा धरणाबरोबरच. अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावून गोदावरीला मिळणाऱ्या पूर्णा नदीवर, जिंतूर तालुक्यात, येलदरीचे हे धरण १९६८ साली उभे राहिले. पायापासून सुमारे एक्कावन्न मीटर उंच, सव्वाचार किलोमीटरांच्या जवळपास लांब, आणि भरले म्हणजे ९३४ दशलक्ष घनमीटर पाणी पोटात घेणारे. त्याच्या पायथ्याशी साडेबावीस मेगावॉटचे जलविद्युत केंद्र आहे, आणि खालच्या अंगाला सिद्धेश्वरचे धरण त्याचे जोडीदार म्हणून उभे आहे. परगावच्या माणसाला वाटते की एवढ्या पाण्याच्या शेजारी शेवाळाचे काय नवल! परंतु धरणाच्या पाण्याचा आणि माझ्या अंगणातील शेवाळाचा काडीइतका संबंध नाही. उन्हाळ्यात इथला पारा बेचाळीस अंशांपलीकडे जातो, वर्षाचा पाऊस सरासरीने नऊशे मिलिमीटरांच्या आसपास आणि तोही बव्हंशी चार महिन्यांत. म्हणजे हा मुलूख शेवाळाचा नव्हेच. इथे शेवाळ येते ते आषाढ-श्रावणाचे पाहुणे म्हणून, आणि मार्गशीर्षाच्या कोरड्या उन्हात ते आपला मुक्काम हलविते. विलायतेत स्थायिक झालेली आपली मराठी माणसे ज्या शेवाळाशी झुंजतात ते हिवाळ्याच्या गारठ्यात माजते आणि वसंतात त्याचा समाचार घ्यावा लागतो. तेथील बागकामाची पुस्तके वाचून आपण येथे फाल्गुनात दाताळे हाती घेतले तर खरवडण्यासाठी धूळच मिळावयाची.

शेवाळ हा शब्दही आपण फार सैलपणे वापरतो. विहिरीच्या पाण्यावरचे हिरवे जाळे, मोरीतील बुळबुळीत थर, भिंतीवरची मखमल, या साऱ्यांना एकच नाव. माझ्या अंगणातील मखमल म्हणजे शालेय पाठ्यपुस्तकात ज्याला मॉस म्हणतात ती. तिला इवलाली पाने असतात, देठ असतो, परंतु खरी मुळे नसतात, केवळ मातीला चिकटून राहण्यापुरते केसासारखे तंतू असतात. वनस्पतींमधील उभयचर असे जे या वर्गाचे वर्णन केले जाते ते यथार्थ आहे, कारण जमिनीवर राहूनही प्रजोत्पादनासाठी तिला पाण्याच्या पातळ थराची गरज लागते. त्यातून पोहत गेल्याखेरीज नरपेशी स्त्रीपेशीपर्यंत पोहोचू शकत नाही. दुसरा प्रकार अंगणाच्या मध्यभागी, जिथे पाणी साचते तिथे आढळला: हिरवट-काळ्या, जेलीसारख्या लिबलिबीत पापुद्र्यांचा, ज्यावरून घसरून माझी कंबर एकदा जवळजवळ कामातून गेली होती. हे मॉस नव्हे. हे नॉस्टॉक नावाचे नील-हरित शैवाल, हवेतील नत्र धरून ठेवणाऱ्या जातीचे, ज्याच्या भाऊबंदांना भातशेतीत खत म्हणून मुद्दाम सोडतात. दोहोंचा उपाय थोडा निराळा आहे, म्हणून हा भेद सांगणे प्राप्त झाले.

या दोघांपैकी कोणीही गवताला मारलेले नसते, ही गोष्ट मला फार उशिरा पटली. मुळेच नाहीत ते गवताच्या मुळाशी अन्नासाठी भांडणार कसे? गवताने सोडलेली जागा शेवाळ ताब्यात घेते इतकेच. आणि म्हणून शेवाळाकडे शत्रू म्हणून न पाहता पंचनामा म्हणून पाहावे. माझ्या अंगणाचा पंचनामा असा होता की कडुनिंबाखाली दिवसाकाठी दोन तासही उन्ह पडत नव्हते, आणि हरळी ही उन्हाची लेक, सहा-सात तास सूर्यप्रकाश मिळाल्याखेरीज ती मनापासून वाढत नाही. फाटकापासून ओट्यापर्यंत येण्याजाण्याची वाट गवतावरूनच पडली होती, तिथली माती पायांनी दडपून घट्ट झाली होती. आणि मध्यभागी जमीन किंचित खोलगट असल्यामुळे पाऊस थांबल्यावरही दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी हटत नव्हते. हे सर्व पूर्वीपासून होते. उंच गवताने त्यावर पडदा धरला होता, यंत्राने तो पडदा तेवढा ओढला.

चिखलाबद्दल दोन शब्द अधिक लिहिणे भाग आहे, कारण आपल्या बाजूच्या हिरवळीचे बरे-वाईट तिथेच ठरते. बेसाल्ट खडक झिजून झालेली आपली काळी माती माँटमोरिलोनाइट जातीच्या चिकणमातीने भरलेली असते. ही चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसाळ्यात बुटाला शेरभर चिखल. ओल्या अवस्थेत तिच्यावरून कोणी चालले अथवा यंत्र फिरविले की तिच्यातील हवेच्या पोकळ्या मिटतात आणि वरचा दोन बोटांचा थर जणू लिंपून निघतो. तेव्हा हिरवळीवर जे काही करावयाचे ते वाफसा आल्यावर, म्हणजे मुठीत घेतलेली माती गोळा न होता भुसभुशीत फुटू लागेल तेव्हा. शेतकरी पेरणीला वाफशाची वाट पाहतो. आपण मात्र रविवारची वाट पाहतो, आणि रविवारी बहुधा चिखलच असतो.

याच मातीमुळे विलायती पुस्तकांतील एक नुस्खा आपल्याकडे उलटा पडतो. शेवाळ झाले म्हणजे जमीन आंबट झाली, सबब चुना टाका, असे त्या पुस्तकांत असते, आणि ज्या आम्लधर्मी, पावसाने धुऊन निघालेल्या जमिनींसाठी ते लिहिले त्यांना ते लागूही पडत असेल. कोकणातील जांभ्या मातीत अथवा महाबळेश्वरी त्याचा विचार करता येईल. पण परभणी जिल्ह्याच्या काळ्या जमिनीचा सामू बहुधा साडेसात ते साडेआठच्या दरम्यान असतो आणि तिच्या पोटात चुनखडीचे खडे आधीच मुबलक असतात. तिच्यावर आणखी चुना ओतणे म्हणजे समुद्रात मीठ टाकणे. शिवाय अशा जमिनीत लोहासारखी द्रव्ये गवताला आधीच जड जातात, ती अधिकच दुर्लभ होतात आणि पाने पिवळी पडतात. मी चुन्याची अर्धी गोणी आणूनही ठेवली होती. एका परिचिताने माती तपासून घेण्याचा सल्ला वेळेवर दिला नसता तर ती अंगणात गेली असती. अखेर ती आंब्याच्या बुंध्यांना रंग देण्याच्या कामी आली. १९७२ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ परभणीत, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात असूनही मातीच्या परीक्षणाची गरज आपल्याला कापसापुरतीच वाटते, अंगणाला ती लागू आहे असे मनात येत नाही. जमीन चोपण असेल, म्हणजे कालव्याच्या पाण्याने वा अन्य कारणाने तिच्यात सोडियम साठून ती पाणी मुरू देत नसेल, तर जिप्समचा उपयोग होतो. पण तोही दाखला हाती आल्यावरच, अंदाजाने नव्हे.

आता प्रत्यक्ष काय केले ते सांगतो. पहिले दहा-बारा दिवस काहीच केले नाही, आणि माझ्या मते साऱ्या उपचारांत हाच सर्वांत कठीण. खुंटलेल्या हिरवळीला खत घालण्याची, तिच्यावर पाण्याचा मारा करण्याची अनावर इच्छा होते. परंतु पाने नसलेल्या गवताला खताची मेजवानी देण्यात अर्थ नसतो, आणि पाऊस चालू असताना वरून पाणी देणे हे शेवाळाच्या पथ्यावर पडते. चतुर्थीच्या सकाळी शेजारची एक सून दूर्वा खुडायला आली तेव्हा मला ओशाळे वाटले. पण कुंपणाच्या तारेखाली, जिथे यंत्राचे चाक पोहोचले नव्हते, तिथे तिला एकवीस कोवळ्या दूर्वा बिनबोभाट मिळाल्या, आणि त्याच दिवशी उन्हाच्या पट्ट्यात खुंटांच्या पेरांतून नव्या हिरव्या सुया निघालेल्या मी प्रथम पाहिल्या. सावलीत मात्र तशीच सामसूम होती.

पावसाने उघडीप दिल्यावर दाताळ्याने मॉस उपटून काढले. मुळे नसल्यामुळे ते सहज निघते, परंतु त्याचे बारीक तुकडे ओल्या मातीवर पसरून ठेवले तर प्रत्येक तुकडा पुन्हा रुजू शकतो, म्हणून घमेल्यात भरून ते दूर नेले. आधी ते मारावे की नाही यावर माझे मतांतर झाले होते. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, भरपूर पाण्यात विरघळवून झारीने शिंपडले तर चार-आठ दिवसांत मॉस काळे पडते आणि लोहामुळे गवताला तजेला येतो, हे खरे; परंतु आपल्या चुनखडीयुक्त जमिनीत ते लोह लवकरच जखडले जाते, आणि मूळ कारण तसेच राहिले तर पुढच्या श्रावणात शेवाळ हजर. शिवाय हिराकशीचे पाणी शहाबादी फरशीवर उडाले की तांबूस डाग पडतो आणि तो निघता निघत नाही. आमच्या ओट्याची एक पायरी त्याची साक्ष आहे. फरशीवरील शेवाळाला मीठ अथवा मोरचूद लावणारे लोक तेच औषध हिरवळीवर टाकताना मी पाहिले आहेत. मीठ गवतालाच आधी मारते, आणि मोरचुदातील तांबे जमिनीत साठत जाऊन गांडुळांच्या मुळावर येते. गांडुळे गेली की माती मोकळी करणारे फुकटचे मजूर गेले. नॉस्टॉकला तर खरवडण्याचाही उपयोग नाही. पाणी निघून गेले की ते स्वतःच वाळून काळ्या कागदासारखे होते.

म्हणून अंगणाच्या कडेने वीतभर रुंदीची चारी काढून खोलगट भागातील पाण्याला वाट करून दिली, आणि वाफसा पाहून पायवाटेच्या पट्ट्यात पहारीने वीत वीत अंतरावर चार-चार बोटे खोल छिद्रे पाडली. त्या छिद्रांत जाड वाळू व चाळलेले कुजके शेणखत लोटले. नुसती वाळू काळ्या मातीवर पसरून ती हलकी होईल अशी जी समजूत आहे ती फसवी आहे. थोडी वाळू आणि पुष्कळ चिकणमाती यांचे मिश्रण वाळल्यावर विटेसारखे होते. उघड्या पडलेल्या जागी, कुंपणाजवळच्या हरळीचे दोन-तीन पेरांचे तुकडे करून चार-चार बोटांवर टोकले. हे काम मामांनी पाहिले आणि काही न बोलता ते बराच वेळ हसले, कारण हरळी विकत घेऊन अथवा कष्टाने लावणारा मनुष्य त्यांच्या पिढ्यान्पिढ्यांच्या अनुभवात बसत नव्हता. नवी पाने दोन बोटे उंच झाल्यावर शंभर चौरस मीटरला एक किलो या बेताने युरिया दिला आणि लगेच पाणी शिंपडले, जेणेकरून पानांवर दाणे राहून ती करपू नयेत.

राहिला कडुनिंब. त्याच्या खालच्या फांद्या छाटून उन्हाचे कवडसे वाढविले, तरी बुंध्याभोवती हरळी रुजेना, आणि दोनदा टोकलेले तुकडे वाया गेल्यावर मी हट्ट सोडला. जपानात क्योतो येथे सायहोजी नावाचे एक बौद्ध मंदिर आहे, ज्याच्या बागेत मॉसच्या सुमारे एकशेवीस जाती नांदतात आणि ती पाहायला जगभरचे लोक आगाऊ परवानगी काढून जातात. ही मखमल तिथे कोणी मुद्दाम लावलेली नसून निगराणी राखण्याची ऐपत न उरल्याच्या काळात आपसूक पसरलेली आहे, असे सांगतात. येलदरीचे क्योतो होणार नाही, चैत्रात आमचे मॉस वाळून तपकिरी भुगा होणारच. पण त्या भुग्यावर तांब्याभर पाणी ओतून पाहावे: काही मिनिटांत मिटलेली पाने उघडतात आणि सारा तुकडा पुन्हा हिरवा होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत आलेल्या नातवंडांना हा प्रयोग मी एका दिवसात सहा वेळा करून दाखविला. बुंध्याभोवतीचे ते वर्तुळ आता मी शेवाळाच्या नावे करून दिले आहे, आणि तिथे यंत्र नेण्याची त्या मुलाला सक्त मनाई आहे.

हिरवळीच्या उरलेल्या भागाचे म्हणाल तर कार्तिकात तो भरून आला. कापणी आता दर आठ दिवसांनी होते आणि पाते चार सेंटिमीटरांवर बसविले आहे. गेल्या पंधरवड्यात मामा कुदळ खांद्यावर टाकून कुंपणाशी आले. त्यांच्या हळदीच्या कडेच्या सरीत काहीतरी शिरले होते आणि ते त्यांनी तारेखालून उकरीत उकरीत मूळ ठिकाणापर्यंत माग काढून आणले होते. हातभर लांब, पांढरे, पेरापेराला कोंब फुटलेले ते खोड त्यांनी तारेवरून माझ्या हाती दिले.

‘‘घ्या साहेब, तुमचीच हाय,’’ ते म्हणाले. ‘‘बरी झालेली दिसायली.’’